सतराव्या ताग्याची फाट

१

सोमवारी सकाळी रुग्णालयाच्या मार्गिकेत एका स्ट्रेचरचे कापड मधोमध फाटले आणि त्यावर निजलेल्या वृद्धेचे मांडीचे हाड फरशीवर आपटून मोडले. मंगळवारी अकराच्या सुमारास ते फाटके कापड कारखान्याच्या मालकांच्या मेजावर येऊन पडले होते, आणि मेजाच्या अलीकडे काटेवाले उभे होते. त्यांना दोनदा बसा म्हणून झाले होते. परंतु त्या दिवशी त्यांच्याने बसवतच नव्हते.

‘काटेवाले’ हा त्यांचा व्यवसाय होता आणि हळूहळू तेच त्यांचे नाव झाले होते. निरनिराळ्या कारखान्यांतील तराजू, दाबमापके आणि चाचणीची यंत्रे खरे बोलतात की खोटे, हे आपल्या लाकडी पेटीतील पितळी वजनांनी तपासून ते दाखला देत. चाळीस वर्षांत त्यांच्या एकाही दाखल्याकडे कोणी बोट दाखवलेले नव्हते.

“हे कापड आपल्या सतराव्या ताग्याचं,” मालक म्हणाले. “वहीत तुमच्या पुतणीच्या हातची नोंद आहे, फाटीचा अंक चौसष्ट. पस्तिसाच्या वर गेला की माल पास. आज सकाळी या फाटक्या स्ट्रेचरचाच तुकडा त्याच यंत्रावर लावला. किती आला असेल?”

“किती?”

“बावीस.”

काटेवाल्यांनी फाटक्या कापडाकडे पाहिले. कोणी कात्रीने कापावे तशी ती फाट सरळ गेली होती.

“आता मला सांगा,” मालकांनी चष्मा काढून मेजावर ठेवला, “एक तर यंत्राचा तुमचा दाखला खोटा, नाही तर पोरीची वही खोटी. दोन्ही तुमच्याच घरचं. म्हणून म्हटलं, तुम्हीच शोधा. बाहेरचा माणूस आणला तर तो दोघांनाही सोलून काढेल.”

“आणि बाकीचा तागा?”

“शिल्लक नाही. बेचाळीस स्ट्रेचर झाले त्याचे. एक फाटला, एक्केचाळीस या घटकेला वापरात आहेत. जुने बहुतेक रुग्णालयानं मोडीत काढले. सगळेच काढून घ्या म्हटलं तर विचारतात, रुग्ण काय खांद्यावर वाहायचे? एकच खराब आहे की सगळे, हे पाच वाजेपर्यंत कळवा म्हणालेत.”

एक्केचाळीस! काटेवाल्यांच्या मनात तो आकडा एखाद्या सैल खिळ्याप्रमाणे हलू लागला. त्यांनी पेटी उचलली आणि निरोपही न घेता ते जिन्याकडे वळले.

२

चाचणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. पुतणी, म्हणजे त्यांच्या दिवंगत धाकट्या भावाची मुलगी, यंत्राशेजारी उभी होती. हे काम तिला काटेवाल्यांनीच लावून दिले होते. तिच्या उजव्या घोट्याला अजून पट्टी बांधलेली होती.

“आलात काका? बेड्या आणल्यात का?” ती म्हणाली. हसण्याचा प्रयत्न तिच्या ओठांपर्यंतच पोहोचला.

“आधी यंत्र. मग तू.”

जाणत्या वाचकांनाही हे यंत्र ठाऊक असेलच असे नाही, म्हणून दोन शब्द. कापड ओढून तोडणे वेगळे आणि फाडणे वेगळे. ओढताना सारे धागे एकदम झुंजतात. फाटताना मात्र फाटीच्या टोकाशी असलेल्या मोजक्या धाग्यांवरच सारा भार येतो. तेवढे धागे किती झुंज देतात, हे मोजण्यासाठी कापडाचा तुकडा दोन चिमट्यांत धरतात, मध्ये सुरीने नेमका छेद देतात आणि एका बाजूला उचलून धरलेला जड लोलक सोडतात. लोलक खाली झेपावताना तो छेद शेवटपर्यंत फाडत नेतो. त्यात त्याची जितकी शक्ती खर्च होते, तितका काटा पुढे सरकतो. तोच फाटीचा अंक.

काटेवाल्यांनी यंत्रावरचे आपले शिशाचे सील पाहिले. ते अभंग होते. त्यांनी कापडाविना लोलक सोडला. काटा शून्यावर थांबला. मग एकेक वजन लावून त्यांनी पाच वेळा पडताळा घेतला.  आपलेच यंत्र चुकावे, अशी प्रार्थना एखाद्या काटेवाल्याने क्वचितच केली असेल.

पाचही वेळा काटा तसूभरही ढळला नाही.

“बरोबर आहे ना?” पुतणीने विचारले.

“बरोबर आहे.”

“म्हणजे मी खोटी.”

 त्यांनी नोंदवही उघडली. सेहेचाळीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस, असे अंक पानामागून पान चालले होते. सोळाव्या ताग्यापाशी एकवीस, आणि त्याखाली तांबडी रेघ: नापास. त्याच्या लगेच खाली सतरावा तागा: चौसष्ट.

“सोळावा तूच नापास केलास?”

“मीच. मालकांच्या मेहुण्यांनी तोंड फिरवलं होतं दोन दिवस. माल वेळेवर द्यायचा होता ना त्यांना. खोटंच लिहायचं असतं तर तेव्हाच नसतं का लिहिलं?”

काटेवाले शेवटच्या पानावर आले. तेथे पेन्सिलीने एकटाच सहासष्टचा आकडा लिहिलेला होता.

“हे काय?”

“ती गंमत, सोळाव्याच्याही आधीची. मेहुणे टाकाऊ ढिगातला तुकडा स्कूटरवर घालायला नेत होते. म्हणाले, याचाही अंक काढा की. काढला तर सहासष्ट! म्हणाले, तुमच्या मालापेक्षा तुमचा कचरा चांगला. पोट धरून हसलो आम्ही.”

काटेवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी नोंदवहीत बोट खुपसून ठेवले आणि विचारले, “हा टाकाऊ ढीग कुठला?”

३

ढीग लेपखात्यातला होता. तेथे कोऱ्या कापडावर रबरी लेप चढवून ते लांब भट्टीतून नेले जाई आणि पलीकडे लोखंडी दांड्यावर ताग्याच्या रूपाने गुंडाळले जाई. भट्टीच्या घरघरीत निम्मे आयुष्य गेलेला मुकादम शेजारच्या माणसाशीही पलीकडच्या रस्त्यावर असल्यासारखा बोलत असे.

“माझ्या भट्टीवर आलात?” तो गरजला. “या! सगळ्यांचा राग शेवटी भट्टीवरच. पोरीचं लग्न मोडलं तरी म्हणतील, भट्टी गरम होती!”

“होती का?”

मुकादमाचा आवाज एकाएकी माणसात आला. त्याने खुंटीवरून गोल कागदांची चवड काढली. भट्टीच्या उष्णतेची रेघ या कागदांवर आपोआप उमटत असे. पंधराव्या ताग्यापर्यंतची रेघ एका उंचीवर होती. सोळाव्या आणि सतराव्या ताग्यांची रेघ तिच्याहून बोटभर वर होती, आणि शेवटपर्यंत न डगमगता तशीच गेली होती.

“मेहुणे म्हणाले, वेग वाढवा. वेग वाढवला तर लेप ओला राहतो, म्हणून आच वाढवली. सोळावा नापास झाला तेव्हा मी म्हटलं, कमी करू. म्हणाले, सतरावा असाच जाऊ द्या, बघतो मी. तो पास झाला. मग मी कशाला बोलू?”

“टाकाऊ ढीग कशाचा?”

“सुरुवातीचा. भट्टी तापेपर्यंत पहिले वीसेक मीटर नरमच निघतात. शिवणखात्याची माणसं ते कापून इथं टाकतात. पहिले वीस कुठले, हे त्यांना कळावं म्हणून कापड भट्टीतून बाहेर आलं की हे चाक कडेवर आकडा उठवतं, दर मीटरला एक.” त्याने एक दातेरी चाक बोटाने फिरवून दाखवले. “शेवटचा आकडा ताग्याच्या बाहेरच्या टोकाला. साधारण दोनशे. पहिला आत, दांड्यापाशी.”

“आणि माझी पुतणी नमुना कुठून कापते?”

“बाहेरच्या टोकाचाच. तुम्हीच तर शिकवलंत तिला, सगळ्या ताग्यांचा नमुना एकाच जागचा पाहिजे म्हणून. खात्यात पोराटोरांनाही पाठ आहे ते.”

काटेवाल्यांनी पुन्हा कागदावरच्या रेघेकडे पाहिले. भट्टी शेवटपर्यंत तापलेली होती, तर ताग्याचे बाहेरचे टोक पुरते भाजलेलेच असणार. ते चौसष्ट अंक कसे देईल?

४

मेहुणे म्हणजे मालकीणबाईंचे धाकटे बंधू. कोठार आणि मालाची रवानगी त्यांच्याकडे होती. कारखान्यातले झाडून सारे, अगदी दारावरचा पहारेकरीसुद्धा, त्यांना मेहुणेच म्हणे, आणि त्यांनाही त्याचे काही वाटत नसे. माणूस गोड होता. काटेवाल्यांना पाहताच त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“बसा हो. सकाळपासून नुसते येरझारा घालताय असं ऐकलं. तुमच्या पुतणीचं, ताईंचं, वाईट वाटतं मला. पण खरं सांगू? दोष ताईंचा नाही, तुमचाही नाही. त्या रुग्णालयवाल्यांचा आहे.”

“कसा?”

“कसलं तरी जंतुनाशक ओततात कापडावर. त्यानं लेप कडक होतो, कापड कुजतं. आपला माल चौसष्टचाच होता. त्यांनी त्याचा बावीस केला. भावोजींना मी हेच सांगितलं. तुम्हीही हेच लिहून द्या. दाखला वाचला, ताई वाचल्या, कारखाना वाचला.”

 आपल्या जिवाला इतकी आवडेल अशी गोष्ट दिवसभरात काटेवाल्यांनी प्रथमच ऐकली होती. एका ओळीत सारे घर सुखरूप! त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. कोठाराच्या कोपऱ्यात दोन दांडे बसवलेली हाताची एक गुंडाळणी उभी होती.

“ती कशाला लागते?”

“तागा मळला, भिजला तर उलगडून पुन्हा गुंडाळायला. वापरतो कधीमधी.”

“आणि ताईंचा पाय कसा मुरगळला होता?”

“जिन्यावरून. महिना होईल. बिचारीला उतरवेना. मी म्हटलं, ताई, तुम्ही वरच बसा, खालची कामं मी बघतो. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?”

“आहे,” काटेवाले म्हणाले आणि लगबगीने उठले. सव्वातीन वाजले होते.

५

ते जिना चढले ते जवळजवळ धावतच. मालकांच्या मेजावरून आणलेली फाटक्या स्ट्रेचरची कड त्यांनी पुतणीपुढे टाकली.

“ही दुहेरी शिवण उसव. कापड चिकटू नये म्हणून कारखान्यात मारतात ती पांढरी भुकटी आतल्या घडीत अजून कोरडी आहे. म्हणजे तिथं रुग्णालयाचं औषध पोहोचलेलं नाही. तिथला तुकडा लाव.”

तिने उसवले, कापले, छेद दिला. लोलक खाली आला. काटा एकवीस आणि बावीस यांच्या मध्ये थांबला.

जंतुनाशक निर्दोष सुटले. कापड कारखान्यातून निघतानाच बावीसचे होते.

“आता सतराव्या ताग्याचे जुने तुकडे काढ.”

चाचणीत फाडलेले तुकडे फेकून न देण्याची त्या खोलीची रीत होती. नमुन्याच्या पट्टीतून दहा तुकडे कापले की कडेची जी चिंधी उरे, तिनेच ते तुकडे बांधून कपाटात ठेवले जात, म्हणजे दोरा शोधायला नको. पुतणीने सतराव्याची मोळी काढली. काटेवाल्यांनी गाठ न सोडता आधी एक तुकडा ओढून स्ट्रेचरच्या फाटीशेजारी धरला.

स्ट्रेचरची फाट कागदासारखी सरळ होती. या तुकड्याच्या फाटीवर मात्र बोटभर लांबीचे धागे दाढीसारखे लोंबत होते.

“पाहिलंस?” त्यांनी त्या धाग्यांवरून बोट फिरवले. “नरम लेपात धागा सरकतो. फाट जवळ आली की चार धागे सरकून एकत्र होतात आणि तिला मिळून अडवतात. जास्त भाजलं की लेप धाग्यांना जागच्या जागी जखडतो. मग फाट एकेकट्याला गाठते.”

“म्हणजे हे तुकडे सतराव्याचे नाहीतच?”

“सतराव्याचेच आहेत. पण कुठले, ते बघू.”

त्यांनी नखाने गाठ सोडवली. चिंधी उलगडली. गाठीच्या पोटात दडलेला, चाकाने उठवलेला आकडा उजेडात आला.

तीन.

भट्टीतून बाहेर पडलेला तिसरा मीटर! दोनशेच्या जागी तीन. तागा उलटा गुंडाळला गेला होता. आतले टोक बाहेर आले होते.

काटेवाल्यांनी नोंदवही पुढे ओढली. अंकाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना होता: ‘नमुना स्वतः कापला’. सतराव्या ताग्यापुढे तेथे पुतणीच्या हातची खूण होती.

“पोरी,” ते अगदी हळू म्हणाले, “ही पट्टी तू कापलीस?”

ती कपाटाला टेकली. 

“नाही, काका.”

६

चार वाजून पाच मिनिटांनी मालकांच्या खोलीत पाच माणसे होती, आणि त्यांपैकी फक्त मेहुणे खुर्चीवर बसलेले होते.

“आधी रुग्णालयाला कळवा,” काटेवाले म्हणाले. “एक्केचाळीसही काढा. कारण मागाहून सांगतो.”

“आधी कारण,” मालक म्हणाले. “कशावर सांगू मी त्यांना?”

काटेवाल्यांनी चिंधी मेजावर ठेवली. त्यांना घाई होती. तरी शब्द मोजून येत होते.

“यंत्र खरं आहे. वहीतला चौसष्टही खरा आहे. कापड दोन जातींचं होतं, एकाच ताग्यात. पहिले वीस मीटर नरम आणि चिवट, ते शिवणखात्यानं रीतीप्रमाणं कापून टाकले. पुढचं सगळं करपलेलं, त्याचे स्ट्रेचर झाले. नमुना बाहेरच्या टोकाचा घ्यायचा असतो. कुणीतरी तागा उलटा गुंडाळून ते चिवट टोक बाहेर आणलं. हे करायला दोन गोष्टी लागतात. गुंडाळणी हाताशी हवी, आणि सुरुवातीच्या कापडाचा अंक मोठा येतो हे ठाऊक हवं. मुकादमाला ते कापड नरम असतं एवढंच माहीत. त्यानं त्याचा अंक कधी पाहिलेला नाही.”

“नाहीच पाहिला!” मुकादम गरजला. “नरम म्हणजे वाईट, एवढंच मी धरून चाललो!”

“असा अंक या कारखान्यात एकदाच काढला गेला. सहासष्ट. स्कूटरच्या आच्छादनाचा.”

मालकांनी मान वळवली. मेहुण्यांच्या चेहऱ्यावरचे हास्य तसेच होते, फक्त डोळे त्यातून निघून गेले होते.

“भावोजी, तागा मळला होता म्हणून गुंडाळला. एवढंच. त्यात टोक बदललं असेल. मला काय कळतं त्यातलं?”

“मग तागा उलटा गुंडाळलाय, एवढं तरी मला सांगायचंत,” पुतणी म्हणाली. “पट्टी कापून तुम्हीच वर आणलीत. म्हणालात, ताई, पायाला त्रास नको. चहाही घेतलात माझ्याकडचा.”

“सोळावा नापास झाल्यावर कुणी विचारलं मला?” मेहुणे उसळले. “तारीख मी दिलेली, शब्द माझा! नापास, नापास! कापड ओढून पाहिलं होतं मी, हत्ती टांगला तरी तुटलं नसतं!”

“ओढून तुटत नाहीच ते,” काटेवाले म्हणाले. “पण कुणाच्या पट्ट्याचं बक्कल लागलं, एवढीशी चीर गेली, की पुढं त्याला अडवणारं कुणी नाही. त्या बाई तशाच पडल्या.”

मेहुण्यांनी मान खाली घातली ती पुन्हा वर आली नाही. मालकांनी फोन ओढला, रुग्णालयाला मोजक्या शब्दांत सारे सांगितले आणि फोन ठेवला. मग ते थकलेल्या आवाजात म्हणाले, “झालं. तुमचा दाखला शाबूत, पोरीची वही शाबूत. लिहून द्या तसं.”

काटेवाल्यांनी लेखणी उचलली. पण ती कागदावर टेकेना. खुणेची गोष्ट त्या खोलीत अजून कोणी विचारली नव्हती. मालकांनी विचारली नसती, मेहुण्यांना सुचली नसती. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांना वाटले की, एखादा काटा जरासा इकडे तिकडे असला तर जगाचे काय बिघडते?

“लिहा, काका,” पुतणी म्हणाली.

“काय लिहा?” मालकांनी विचारले.

“नमुना मी कापला नव्हता. वहीत कापला म्हणून खूण केली. रोजच्या सवयीनं हात फिरला. पण खूण खोटीच. मी जिना उतरले असते तर कडेचा आकडा मला दिसला असता. वर आलेल्या पट्टीवर तो मी पाहिलाच नाही.”

“अगं, पाय मुरगळलेला होता तुझा,” मुकादम शक्य तितक्या हळू म्हणाला.

“मग थांबायला हवं होतं.”

काटेवाल्यांनी ती ओळ लिहिली. तिच्याखाली स्वतःहून आणखी एक लिहिली: नमुना नेहमी एकाच टोकाचा घ्यावा हा नियम माझा, फसवणाऱ्याला जागा त्यानेच दाखवली. मग सही केली.

मालकांनी कागद दोनदा वाचला. “उद्यापासून त्या मेजावर बसू नका, ताई. पुढचं काय ते नंतर बघू. मेहुणे, तुम्ही इथंच थांबा.”

“उद्यापासून ना?” तिने पदर खोचला. “मग आज आहे मी. काका, चला. ते लोक स्ट्रेचर ओळखणार कसे? सगळे सारखेच दिसतात. आपली कडेची दुहेरी शिवण मला माहीत आहे.”

७

रुग्णालयात पोहोचेपर्यंत पाच वाजत आले होते. परिचारिकांनी अठ्ठावीस स्ट्रेचर भिंतीशी लावून ठेवले होते. शिवणीवरून ते सारे आपलेच ठरले. पुतणी लंगडत दालनामागून दालन पालथे घालीत होती, शिवण चाचपून आकडा मोठ्याने म्हणत होती आणि काटेवाले खडूने फुल्या मारीत होते. एकोणतीस. चौतीस. एकोणचाळीस. चाळिसावा शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी रिकामा सापडला.

एक्केचाळिसावा मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाच्या जिन्यावरून उतरत होता. चाकांच्या गाड्याविना, दोन सेवकांच्या हातांत, आणि त्यावर एक धिप्पाड म्हातारा निजलेला होता.

“थांबा!” काटेवाले ओरडले.

“थांबून कसं चालेल? खाली कुठं ठेवू, जिना आहे!” पुढचा सेवक म्हणाला. खरोखरच ते जिन्याच्या मधल्या पायरीवर होते.

पुतणी धावली. पट्टीचा पाय, पायऱ्या, कशाचेही तिला भान नव्हते. तिने खाली वाकून दोन्ही हात कापडाखाली घातले, पाठीच्या बरोबर मध्यावर, आणि खांदा लावला. दुसऱ्या बाजूने काटेवाल्यांनी हात घातले. कापडाच्या पलीकडून म्हाताऱ्याच्या श्वासाची ऊब त्यांच्या तळव्यांना लागली.

“हे काय चाललंय?” म्हाताऱ्याने मान उचलून विचारले. “इतका जड झालो का मी?”

“नाही आजोबा,” पुतणी धापा टाकीत म्हणाली. “हलू नका फक्त.”

“दोघांचं काम चौघांना लावलंय, म्हणजे मी कुणी मोठा माणूस दिसतोय.”

“आहातच. चला, डावा पाय आधी. काका, तुमची बाजू खाली जातेय.”

काटेवाल्यांनी आपली बाजू उचलली. अकरा पायऱ्या उरल्या होत्या. ते चौघे त्या एकेक मोजून उतरले, आणि खाटेशी पोहोचून त्यांनी म्हाताऱ्याला गादीवर ठेवले, तरी पुतणीने हात लगेच बाहेर काढले नाहीत.